फळ्यावरची तारीख

आमच्या शाळेत परिपाठाची वही वर्षानुवर्षे एकच होती. दोनशे पानी, खाकी कागदाचे कव्हर घातलेली, कोपरे हाताळून हाताळून मऊ पडलेली. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना झाली की सातवीतले एखादे मूल ती घेऊन पुढे यायचे. आधी पंचांग, मग सुविचार, मग दिनविशेष. दोन-तीन ओळी एका दमात वाचून, "धन्यवाद" म्हणून ते रांगेत परत जायचे. वर्गात गेल्यावर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तीच ओळ खडूने लिहिली जायची आणि शाळा सुटताना पुसली जायची.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी ती वही नव्याने लिहून काढायचे काम माझ्याकडे आले. तीस वर्षे रोज एकेक पान ऐकले होते, पण सलग अशी ती मी तेव्हाच पहिल्यांदा वाचली. जन्म, मृत्यू, लढाया, करारांवरच्या सह्या, उद्घाटने, शोध. प्रत्येक गोष्ट एका दिवशी सुरू होऊन त्याच दिवशी संपलेली. १७ सप्टेंबरच्या पानावर 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' अशी एक ओळ होती. १८ सप्टेंबरच्या पानावर आमच्या मराठवाड्याचे काहीच नव्हते. जणू आदल्या दिवशी झेंडा चढला आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या शेतावर गेले.

ते पान मला अजून सोडत नाही. दिनविशेषावर माझा राग नाही. मी तो आवडीने लिहून घेतला आहे, लिहायला लावला आहे. पण तारीख आकाशातून पडत नाही. घडून गेलेल्या लांबलचक गोष्टीतला एक दिवस कुणीतरी मागाहून उचलतो आणि म्हणतो, हा लक्षात ठेवा. मुलांना आपण तो दिवस देतो. तो कुणी निवडला, का निवडला आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे काय राहून गेले, हे सांगत नाही. माझे भांडण आहे ते या न सांगण्याशी.

पानिपतापासून सुरुवात करते, कारण ती तारीख मराठी माणसाला वेगळी पाठ करावी लागत नाही. १४ जानेवारी १७६१. संक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली, असे मीही वर्गात कितीतरी वर्षे सांगत आले. वाक्य इतके बेतलेले आहे की मुलांच्या डोळ्यांत पाणी यायचे. पण ते खरे नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी बुधवार होता, तिथी पौष शुद्ध अष्टमी, आणि त्या वर्षीची संक्रांत चार-एक दिवस आधीच होऊन गेली होती. आपली संक्रांत इंग्रजी तारखेला बांधलेली नाही. साधारण साठ-सत्तर वर्षांत ती एकेक दिवस पुढे सरकते. पडताळा घ्यायचा तर स्वामी विवेकानंदांची जन्मतारीख पाहा. त्यांचा जन्म मकर संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षे मागे गेले की संक्रांत दहा तारखेच्या आसपास येते. आज ती चौदाला किंवा पंधराला येते म्हणून आपण आपले तिळगूळ मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांच्या छावणीत नेऊन ठेवले.

हा तपशील किरकोळ वाटेल. मला तो तसा वाटत नाही, कारण या एका चुकीने पानिपताचे सगळे कारणच नशिबाच्या खात्यात जाते. वाईट दिवस होता, घात झाला. प्रत्यक्षात तो घात महिनोन्‌महिने घडत होता. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामावर विजय मिळवलेली फौज मार्चमध्ये परतुराहून उत्तरेकडे निघाली. उदगीर लातूर जिल्ह्यात, परतूर जालना जिल्ह्यात. आमच्या मुलांच्या एसटीच्या वाटेवरची गावे आहेत ही, आणि पानिपत इथूनच सुरू झाले हे त्यांना ठाऊक नसते. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली, १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला. त्यानंतर आठवड्याभरात अफगाण बादशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठ्यांच्या दक्षिणेला येऊन बसला. दिल्लीची वाट तुटली. दिल्लीची वाट तुटली म्हणजे देशीची वाट तुटली.

नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून अडीच महिने ती प्रचंड छावणी पानिपताजवळ अडकून पडली. सोबत हजारो यात्रेकरू, बायकामुले, बाजारबुणगे. डिसेंबरच्या सुरुवातीला बळवंतराव मेहेंदळे पडले. अब्दालीची रसद मारायला निघालेले गोविंदपंत बुंदेले त्याच महिन्यात मारले गेले. मग धान्य संपले, वैरण संपली, पैसा संपला. जनावरे मरू लागली. १४ जानेवारीला मराठे लढायला बाहेर पडले ते उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, या निर्धाराने. पानिपत हरले गेले ते त्या अडीच महिन्यांत. १४ जानेवारीला त्यावर शिक्कामोर्तब झाले. मुलाला जर इतिहासातून काही शिकायचे असेल तर ते रसदीच्या त्या आठवड्यांतून शिकायचे आहे. विश्वासरावांना गोळी कोणत्या प्रहरी लागली, त्यातून नव्हे.

तारखेच्या पलीकडचेही तसेच. 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार आपण सर्वनाश या अर्थाने वापरतो. पण १७७१ मध्ये, म्हणजे अवघ्या दहा वर्षांत, महादजी शिंद्यांच्या फौजा पुन्हा दिल्लीत होत्या, आणि पुढल्या वर्षारंभी शाहआलम त्यांच्या आधाराने आपल्या राजधानीत परतला. वहीत १७६१ होते, १७७१ नव्हते. पराभवाला तारीख मिळाली आणि सावरण्याला मिळाली नाही. चिकाटीने सावरत जाण्याचे काम कुठल्या एका दिवशी होत नाही, म्हणून ते फळ्यावर चढत नाही.

तारखांच्या मागे आणखी एक प्रश्न असतो: ही तारीख कुणाच्या पंचांगातली? शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला असे आपण म्हणतो. रायगडावर ज्याने हा सोहळा पाहिला त्या मराठी माणसासाठी तो दिवस ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा, शके १५९६ चा होता. '६ जून' ही तारीख मुंबईच्या इंग्रजांची. त्यांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या वेळी गडावर हजर होता. पण इंग्रज तेव्हा जुने, ज्युलियन पंचांग वापरत होते. पोपने १५८२ मध्ये सुधारलेले पंचांग इंग्लंडने १७५२ मध्ये स्वीकारले आणि त्यासाठी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडवला. पोर्तुगीज मात्र सुरुवातीपासूनच नव्या पंचांगावर होते. म्हणजे ज्या दिवशी महाराज सिंहासनावर बसले, त्या दिवशी मुंबईच्या किल्ल्यात ६ जून होता आणि खाडीपलीकडे वसईच्या किल्ल्यात १६ जून.

आजच्या कॅलेंडरच्या हिशेबाने खरी तारीख वसईची. तरी आपण मुंबईची पाळतो, कारण पुढे राज्य इंग्रजांचे आले आणि त्यांचे कागद आपल्या इतिहासाचे साधन झाले. १९ फेब्रुवारी १६३० ही शिवजन्माची तारीखही त्याच जुन्या पंचांगातली आहे. जन्माच्या सालाचा वाद तर याहून मोठा होता. वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ की फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१? लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली उजेडात आणली तेव्हा या दुसऱ्या तिथीला बळ मिळाले आणि पुढची कित्येक दशके संशोधक भांडत राहिले. त्या भांडणातून मराठी इतिहाससंशोधनाची शिस्त घडली. आज तिथीवाले आणि तारखेवाले एकमेकांवर संशय घेतात तेव्हा मला वाईट वाटते. दोन्ही दिवस पाळावेत. पण दोन्ही कसे ठरले हे एकदा मुलांसमोर मांडावे. इतिहास पुराव्यावर उभा असतो आणि पुरावा बदलला की बदलतो, हे समजावून द्यायला याहून चांगला धडा माझ्या माहितीत नाही.

आता ज्यांना तारीखच मिळाली नाही त्यांच्याविषयी. माझ्या आजीला इंग्रजी महिने ठाऊक नव्हते. तिचा काळ "रझाकारीत" आणि "बहात्तरच्या दुष्काळात" असा मोजला जायचा. घरातली लग्ने, बाळंतपणे, जमिनीची वाटणी, सगळे या दोन खुंट्यांना टांगलेले. बहात्तरचा दुष्काळ परिपाठाच्या वहीत कुठेच नव्हता. असणार कसा? दुष्काळ कोणत्या तारखेला सुरू झाला? पाऊस आला नाही तो दिवस कोणता? लाखो बाया-माणसे खडी फोडायला आणि नालाबंडिंगच्या कामावर गेली, लाल मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन जगली. त्या कामांच्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा आला, ज्याचे अनुकरण पुढे सगळ्या देशाने केले. महाराष्ट्राने भारताला दिलेल्या मोठ्या गोष्टींपैकी ही एक, आणि दिनविशेषात तिच्या मुळाला जागा नाही.

पुण्यातला प्लेगही तसाच. २२ जून १८९७ हा दिवस वहीत आहे, कारण त्या रात्री चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. १० मार्च १८९७ हाही आहे, कारण प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई त्या दिवशी गेल्या. पण ज्या साथीने या दोन्ही दिवसांना जन्म दिला ती कुठल्याच पानावर नाही. गोळीला तारीख असते, भुकेला आणि तापाला नसते. म्हणून तारखांनी लिहिलेला इतिहास बंदूक, तलवार आणि लेखणी हातात असलेल्यांचा होतो, आणि पाटी-घमेले हातात असलेले त्यातून गळतात.

१७ सप्टेंबरकडे परत यायला मला बळ गोळा करावे लागते, कारण हा दिवस आमच्या घरातला आहे. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्याच दिवशी स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. पुढचे तेरा महिने निजामाची बाजू घेणाऱ्या कासिम रझवीच्या रझाकारांचे. गावे लुटली, जाळली गेली. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्यात त्यांनी केलेली कत्तल त्या भागातले लोक आजही विसरलेले नाहीत. रझाकारांविरुद्ध लिहिणारा 'इमरोज'चा तरुण संपादक शोएबुल्ला खान याला ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यात ठार मारले गेले. तो मुसलमान होता, हे आवर्जून सांगायला हवे. १३ सप्टेंबरला 'पोलीस अ‍ॅक्शन' या नावाने भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली आणि १८ ला त्याचे सेनापती एल एद्रूस यांनी जनरल चौधरी यांच्यासमोर रीतसर शस्त्रे ठेवली. आमचे लोक या दिवसासाठी तुरुंगात गेले, सरहद्दीवरच्या कॅम्पांत राहिले, मेले. त्या झेंड्याला मी दरवर्षी मनापासून वंदन केले आहे आणि करीत राहीन.

पण १८ सप्टेंबरचे पान कोरे ठेवणे मला आता जमत नाही. त्या दिवसापासून पुढचे काही आठवडे आमच्याच जिल्ह्यांत सूड घेतला गेला, आणि तो बहुतेक अशांवर, ज्यांनी रझाकारी केली नव्हती. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने १९४८ च्या अखेरीस हा मुलूख फिरून पाहिला. तिचा अंदाज होता की पोलीस अ‍ॅक्शनच्या काळात आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते, बाकीचे दोन गुलबर्गा आणि बिदर. अहवाल कित्येक दशके बंद राहिला. त्याच अहवालात हेही आहे की अनेक ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले. काही गावांत हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना पाठीशी घातले आणि त्यासाठी स्वतःचे जीवही गमावले.

आजी "रझाकारीत" म्हणायची तेव्हा तिच्या त्या एका शब्दात हे दोन्ही असायचे: आधी आम्ही रानात लपलो ते, आणि नंतर शेजारच्या आळीतले लोक लपले ते. तिला तारीख माहीत नव्हती म्हणून तिच्या आठवणीचे असे दोन तुकडे पडले नाहीत. आम्ही तारीख शिकलो आणि अर्धे विसरलो. १७ सप्टेंबरचा मान कमी करा असे मी म्हणत नाही. ज्यांनी रझाकारांना तोंड दिले त्यांचा लढा एका धर्माविरुद्ध नव्हता, जुलमी सत्तेविरुद्ध होता. म्हणूनच त्या लढ्याच्या नावाने नंतर जे झाले ते सांगणे हा त्यांचाच मान आहे. ज्या विणकरांनी शेजाऱ्यासाठी जीव दिला तेही मुक्तिसंग्रामातलेच होते. त्यांना १८ सप्टेंबर द्यायला काय हरकत आहे?

यावर मला एक उत्तर नेहमी मिळते, आणि त्यात तथ्य आहे. शाळेतले सहकारी म्हणायचे, "बाई, पोरांना आधी तारीख तर लक्षात राहू द्या. खुंटीच नसेल तर सदरा टांगायचा कुठे?" शिवाय ज्यांचा इतिहास ग्रंथांत कधी लिहिलाच गेला नाही, त्यांनी तो दिवसांतच जपला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात ती कुणी पाठ्यपुस्तक वाचायला सांगितले म्हणून नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस तर बाबासाहेबांनी स्वतः विचार करून निवडला. सम्राट अशोकाशी जोडलेली विजयादशमी त्या दिवशी होती. नागपूरला आजही तिथी आणि तारीख दोन्ही पाळल्या जातात, आणि दीक्षाभूमीवर आलेल्या साध्या बाईलाही तो दिवस का निवडला हे सांगता येते. निवड लपवलेली नाही, म्हणून तो दिवस जिवंत आहे. सहकाऱ्यांना मी एवढेच म्हणते की खुंटी हवीच, पण आपण नुसत्या खुंट्या ठोकून भिंत भरवली आणि तिलाच इतिहास समजलो.

महाडचे उदाहरण घ्या, कारण वही नव्याने लिहिताना मी सर्वांत जास्त वेळ तिथे थांबले. जुन्या वहीत ओळ होती: २० मार्च १९२७, चवदार तळ्याचा सत्याग्रह. बरोबर आहे. त्या दिवशी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. पण सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजीच संमत झाला होता. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तो मान्य करून तळे खुले केल्याचे जाहीरही केले होते. म्हणजे कागदावर तीन वर्षे हक्क होता आणि ओंजळीत पाणी नव्हते. २० मार्चला जे झाले ते हक्क मागणे नव्हते, असलेला हक्क वापरणे होते. ती ओंजळ किती मोठी होती हे १९२३ आणि १९२४ माहीत असल्याशिवाय कळत नाही.

पुढे काय झाले? परतणाऱ्या लोकांवर त्याच दिवशी लाठ्या-काठ्यांनी हल्ला झाला. मग १०८ घागरी पंचगव्य ओतून तळ्याची 'शुद्धी' केली गेली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेसाठी लोक जमले तर कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आडवा आला. तळ्यावर जाता आले नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तो दिवसही वहीत आहे. पण त्यानंतर जे सुरू झाले ते वहीत कुठेच नाही. तळे बंद ठेवू पाहणाऱ्या सवर्णांचा दावा चालला. तारखांवर तारखा पडल्या. खालच्या कोर्टातून वरच्या कोर्टात, असे करत प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे ब्रूमफिल्ड तिथे न्यायमूर्ती होते. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, असा निकाल लागला आणि अपील फेटाळले गेले. तो दिवस १७ मार्च १९३७.

ओंजळीपासून निकालापर्यंत तीन दिवस कमी दहा वर्षे. त्या दहा वर्षांत वकालतनामे, साक्षी, नकला, तारखेला हजर राहणे, कोर्टखर्च. त्यात एकही क्षण असा नाही ज्याचे चित्र काढून भिंतीवर लावता येईल. तरी हक्क पक्का झाला तो त्यातून. ज्या मुलांना उद्या स्वतःच्या गावच्या पाण्यासाठी, रस्त्यासाठी, सातबारावरच्या नावासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायच्या आहेत, त्यांना २० मार्चचे धैर्य जितके हवे तितकीच १७ मार्चची चिकाटी हवी. ती चिकाटीही आपल्या इतिहासात आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे.

नवी वही लिहिताना मी प्रत्येक पानाचा डावा अर्धा भाग मोकळा सोडला. वरच्या कोपऱ्यात 'आधी' असे लिहिले आणि खालच्या कोपऱ्यात 'नंतर'. सगळी पाने भरून झाली नाहीत. १४ जानेवारीचे भरले, १८ सप्टेंबरचे भरले, महाडचे भरले. बाकीची मुलांनी आणि नंतर येणाऱ्या शिक्षकांनी भरावीत म्हणून तशीच ठेवली.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, परिपाठात दिनविशेषाला दोन मिनिटे असतात, तेवढी पुरतात. येत्या २० मार्चला चवदार तळ्याची ओळ फळ्यावर येईलच. त्याआधी तीन दिवस, १७ मार्चला, उजव्या कोपऱ्यात १९३७ लिहा, आणि शाळा सुटताना ते पुसू नका. वीस तारखेपर्यंत राहू द्या.